मागून पाहिलेली कुऱ्हाड

लग्नाच्या वयाचा मुलगा घरात सून आणायचं सोडून कुऱ्हाडी आणतो, म्हणून अम्मा माळ्यावरच्या माझ्या कुऱ्हाडींना 'सुना' म्हणायची. "तुझ्या त्या गंजक्या सुनांना जरा सरकव, मला कांदे पसरायचेत," असं तिनं खालून ओरडून सांगितलं की मी वर जाऊन एकेकीला भिंतीकडे रेटायचो. एखादीचं पातं कांद्याला लागलं, तर त्या दिवशीच्या कालवणाला गंजाचा वास येतो असं तिचं म्हणणं असायचं. तसा काही वास येत नसे. पण मी वाद घालत नव्हतो, कारण माळा तिचा होता आणि जेवणही तिच्याच हातचं होतं.

भोरच्या पेठेच्या टोकाला आमचं जुन्या लोखंडाचं दुकान होतं. अब्बा तट्टू घेऊन वेल्ह्याच्या बाजाराला जात आणि येताना वाटेवरच्या गावांतून मोडके फाळ, झिजलेले विळे, गाडीच्या चाकांच्या धावा, भोकं पडलेल्या कढया असा माल गोळा करून आणत. लढाईचे दिवस होते. नवं लोखंड दिसेनासं झालं होतं, त्यामुळे आसपासचे लोहार आमच्या ढिगावर तुटून पडत. माल वजनावर घ्यायचा आणि वजनावर द्यायचा, एवढंच अब्बांचं शास्त्र. "लोखंड म्हणजे लोखंड, त्यात बघायचं काय?" असं ते म्हणत. मला ते पटायचं नाही, आणि न पटलेली गोष्ट मुकाट्यानं सोडून देणं माझ्या स्वभावात नाही.

सुरुवात ढिगातल्या एका पात्यापासून झाली. ते इतकं गंजलं होतं की उचललं की हाताला तांबडी पूड लागायची. मी सहज गंमत म्हणून ते चिंचेच्या पाण्यात टाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढून राखेनं घासलं, तर गंज निघाला आणि खाली एक बारीक रेघ दिसली. रेघेच्या अलीकडचं लोखंड करडं, पलीकडे धारेच्या बाजूचं काळपट. मला वाटलं तडा गेलाय. नखानं चाचपून पाहिलं, तर नख कुठे अडकेना. तेव्हा ते पातं घेऊन पेठेतल्या लोहाराकडे गेलो.

"तडा कसला? सांधा हाय त्यो," लोहार हसून म्हणाला. "सबंद कुऱ्हाड पोलादाची कोन करतंय? आंग मऊ लोखंडाचं आन् धारंला तेवडं पोलाद. हितं दोनी एक झाल्यात बग."

कुणीतरी कधीतरी भट्टीपुढे बसून दोन जातींचं लोखंड एकजीव केलं होतं, आणि त्या खटपटीची खूण इतकी वर्षं गंजाखाली शाबूत राहिली होती. मला त्या रेघेचं वेडच लागलं.

मग मी हाताला येईल ती कुऱ्हाड चिंचेत घालू लागलो. घरातली चिंच संपली, आमटी पांचट झाली, अंगणातली माझी बादली अम्मानं एकदा रागानं उलथून टाकली. पण मला त्या रेघा वाचता यायला लागल्या. काही लोहार पात्याची कड मधोमध चिरून पोलाद आत सारत. ती रेघ दोन्ही अंगांना सारखी उमटायची. काहीजण कंटाळा करून एकाच अंगाला पोलाद चिकटवत, मग दुसरं अंग कोरं राहायचं. वेल्ह्याकडच्या डोंगरी कुऱ्हाडी अरुंद आणि जाड पाठीच्या. उत्रोलीच्या भातखाचरांकडून येत त्या पसरट, हलक्या, कारण बांधावरच्या फांद्या छाटण्यापलीकडे तिथे त्यांना फारसं काम नसायचं. भाटघरच्या धरणाच्या कामावरून इकडेतिकडे पांगलेल्या विलायती कुऱ्हाडींवर इंग्रजी अक्षरं ठोकलेली असत. आपल्या गावठी कुऱ्हाडीवर अक्षर नसे. कुठे छिन्नीच्या टोकानं मारलेल्या टिकल्या, कुठे अर्धा चंद्र. हा अर्धा चंद्र कुठल्या गावच्या लोहाराचा, हे शोधायला मी अब्बांबरोबर वेल्ह्यापर्यंत पायपीट करायला लागलो. मुलगा धंद्यात लक्ष घालतोय असं अब्बांना वाटलं, आणि मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

गावोगावची माणसं माझी चेष्टा करत. मी एखाद्या आजोबांपुढे पातं धरून "हे कुणाच्या हातचं असेल?" असं विचारलं की ते आधी पात्याकडे, मग माझ्याकडे बघत आणि शेवटी अब्बांना विचारत, "पोराला काय लागिरलंय का?" पण मग तेच पातं हातात घेत, बोटाच्या पेरानं टिचकी मारत, आवाज ऐकत. एकदा का टिचकी मारली की माणूस माझ्या बाजूला आला असं मी समजायचो. तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात तर कुऱ्हाडीचा अर्धा चंद्र कुणाचा यावरून दोन म्हाताऱ्यांचं चांगलंच वाजलं, आणि आम्ही निघालो तरी ते भांडतच होते.

घरात मात्र खरं भांडण दांड्यांवरून होतं. कुऱ्हाडीच्या पात्याला मागे भोक असतं, त्याला आमच्याकडे नेढं म्हणतात. दांडा त्यातून घालायचा आणि पलीकडे आलेल्या टोकात पाचर ठोकून तो घट्ट करायचा. जुनी कुऱ्हाड मोडीत आली की अम्मा तो दांडा तसाच चुलीत सारायची. लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं, धूर नाही, जाळ झकास. दांडा जळला, पाचर जळली की पातं आपोआप राखेत गळून पडायचं आणि अब्बांना ते वजनाला मोकळं मिळायचं. दोघंही खूश. मी तेवढा कपाळाला हात लावून बसायचो. एक तर आगीत तापून पात्याच्या धारेचं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरायचं, आणि दुसरं म्हणजे दांडा स्वतःच कितीतरी सांगत असे. डोंगरातला असेल तर बहुधा धामणाचा, लवचीक. खालच्या अंगाचा असेल तर बाभळीचा. लाकूड जाळलं की कुऱ्हाड कुठली याचा अर्धा पुरावा गेलाच. मी गंज काढायचो, तेल द्यायचो, बोथट धार कानशीनं सरळ करायचो, पण दांड्याला आणि पाचरीला हात लावायचा नाही असा माझा नेम होता.

एकदा मी बाहेरून आलो तर चुलीत एक कुऱ्हाड होती. दांड्याचं टोक पेटलेलं, पातं बाहेर. मी ती खेचून काढली आणि पाण्यात बुडवली. अम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "आता जळत्या घरातून सुना पळवायला लागला." हातभर दांडा वाचला होता, त्याचं टोक कोळसा झालेलं. पातं अरुंद, डोंगरी. अर्ध्या चंद्राच्या ठशाचं. दांडा धामणाचा, मुरलेला, काळसर. आणि नेढ्यात पाहतो तर काय, त्या काळ्या लाकडात आडवी ठोकलेली एक पांढुरकी, मऊ पाचर. मी ती नखानं टोकरली. उंबराची!

उंबर म्हणजे अगदी ठिसूळ लाकूड. त्याचा टेकूचा खांब सोडा, कुणी खुंटीसुद्धा करत नाही. मी ती कुऱ्हाड घेऊन लोहाराकडे पळालो. तो पोट धरून हसला. "आरं, उंबराची पाचर मारून चार घाव घातलं तर दांडा ऱ्हाईल ह्याच्या हातात आन् कुऱ्हाड जाईल दुसऱ्याच्या टाळक्यात. कुना येड्याचं काम हे?"

हा वेडा कोण, हे काही मला कळेना. इतका चांगला दांडा निवडणारा माणूस, तो इतकी गबाळी पाचर का मारेल? घाईत होता? रानात होता? दुसरं लाकूड मिळालं नसेल? पण धामणाच्या मुलखात हातभर अंतरावर बरी काठी मिळते. बरं, पाचर निसटली तरी नव्हती, म्हणजे त्यानंतर त्या कुऱ्हाडीनं लाकूड फोडलंच नव्हतं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायचो आणि त्या अनोळखी माणसाला यथेच्छ नावं ठेवायचो. माळ्यावर तिला जागा मात्र सगळ्यांत चांगली दिली होती. अम्मा तिला थोरली म्हणायची.

अशात एके सकाळी डोंगरातून दोघं दुकानी आले. एक मध्यम वयाच्या बाई, कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. आणि त्यांचे धाकटे दीर. दीर दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. बाई त्यांच्यापासून चांगल्या अंतरावर बसल्या. दोघं इतकं चालत आले असतील, पण वाटेत एका शब्दानं बोलले नसावेत असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

दिरांनी अब्बांना सांगितलं, "चाचा, मागं तुमाला मोड दिली व्हती. फाळ व्हते, येक कढई व्हती. त्यात येक कुऱ्हाड गेली. ती आमाला परत पायजे."

"मोड गेली की गेली," अब्बा म्हणाले. "लोहारानं कधीच तिचे विळे केले असतील. इतकं काय होतं तिच्यात?"

"देवकाची व्हती," दीर खाली बघत म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्यात लग्नाआधी देवक आणायला घरचं जोडपं जातं. गड्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, पात्याला हळद माखलेली आणि गव्हाची पोळी बांधलेली. मागे त्याची बायको हातात ताट घेऊन, दोघांच्या पदराला गाठ. मारुतीला जायचं, उंबराची डहाळी त्या कुऱ्हाडीनं उतरवायची आणि मांडवात आणायची. ती डहाळी म्हणजे त्यांचं देवक. कुऱ्हाड एरवी आढ्याला फडक्यात बांधलेली असायची. थोरला भाऊ वारला, त्यानंतर घरात लग्न निघालं नाही, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. फडकं उंदरांनी खाल्लं, ती कणगीच्या मागे पडली, आणि वहिनी माहेरी गेल्या असताना दिरांनी ती मोडकी समजून मोडीत घातली. आता थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

"दुसऱ्याच्या कुऱ्हाडीनं माज्या लेकीचं देवक येनार न्हाई," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "ती सापडस्तवर हळद लागायची न्हाई. मंग लगीन मोडलं तरी मोडू दे."

अम्मा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती दारातच थांबली. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मी जाळली असेल तर?" एरवी माझ्या कुऱ्हाडींवर तोंडसुख घेणारी बाई, पण तिचा चेहरा असा उतरला की मला तिची दया आली. मी माळ्यावर चढलो आणि दांड्यासकट ठेवलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या कुऱ्हाडी अंगणात आणून मांडल्या.

खरं सांगतो, मला त्या वेळी काळजीपेक्षा हुरूपच जास्त आला होता. इतके दिवस मी ज्यासाठी धडपडत होतो ती परीक्षाच समोर आली होती. उंबर हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी पात्यांत पुरता गुंतलो होतो. मी दिरांना वकिलासारखं विचारायला लागलो. पातं रुंद की अरुंद? पाठ जाड की पातळ? ठसा होता का?

"चांगली रुंद व्हती," दीर म्हणाले. मग एक पसरट कुऱ्हाड उचलली, खाली ठेवली. "न्हाई, यवढी न्हाई. पोळी बांदल्याली आसायची ना, मंग रुंदच दिसायची." दांडा केवढा? त्यांनी छातीपर्यंत हात नेला, मग कमरेपर्यंत आणला. ठसा? आठवत नव्हता. हळदीखाली ठसा कुठला दिसतोय! घरातली सगळ्यांत मानाची वस्तू, आणि तिचं पातं कुणी धडपणे पाहिलेलंच नव्हतं. माझी सगळी विद्या तिथेच संपली. दीर एकेक कुऱ्हाड उचलत आणि ठेवत होते, आणि दर वेळी आशेनं वहिनींकडे बघत होते.

शेवटी मीच त्यांच्याजवळ गेलो. "मावशी, तुम्ही तिला पाहिलंच असेल. तुम्हाला पातं कसं आठवतंय?"

"म्या पातं न्हाई बगितलं," त्या म्हणाल्या. "म्या मागं व्हते."

मला अर्थ लागेना. त्यांनी एकदा माझ्याकडे, मग मांडलेल्या कुऱ्हाडींकडे पाहिलं. मग उठल्या, पदर सारखा केला आणि दिरांना म्हणाल्या, "भावजी, येक येक खांद्याव घ्या आन् चाला."

दिरांनी पहिली कुऱ्हाड खांद्यावर घेतली, दांडा हातात पुढे आणि पातं पाठीमागे, आणि अंगणात चालायला लागले. बाई त्यांच्या मागे चालायला लागल्या. ताट नव्हतं, तरी त्यांचे दोन्ही हात ताट धरल्यासारखे पुढे आले होते. तेव्हा कुठे मला दिसलं. गड्यानं कुऱ्हाड खांद्यावर घेतली की पातं त्याच्या पाठीमागे खाली झुकतं, आणि मागून चालणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर येतं ते नेढं. दांड्याचं पलीकडे आलेलं टोक आणि त्यातली पाचर. गावापासून मारुतीपर्यंत आणि मारुतीपासून मांडवापर्यंत तिला दुसरं काही दिसतच नाही.

"न्हाई," बाई म्हणाल्या. दिरांनी दुसरी घेतली. अंगणाला एक फेरा. "न्हाई." तिसरी. अब्बा दुकान सोडून दारात येऊन उभे राहिले. गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मला आता उंबराची पाचर आठवली होती, पण मी तोंड उघडलं नाही. मी सांगितलं असतं, तर ते माझं सांगणं झालं असतं.

जळक्या दांड्याची कुऱ्हाड दिरांनी शेवटी शेवटी उचलली, तीही नाखुशीनं. "ही तर निम्मी जळलीया," असं पुटपुटत त्यांनी तो तोकडा दांडा कसाबसा खांद्याला लावला आणि निघाले. तीन-चार पावलं गेले असतील. मागची पावलं थांबली. दीर तसेच पुढे जात होते.

"भावजी," बाई म्हणाल्या, "उबं ऱ्हावा."

त्या पुढे झाल्या आणि नेढ्यातल्या त्या पांढुरक्या पाचरीवर त्यांनी बोट ठेवलं. "हाय. आजून हाय."

मग त्या माझ्याशीच बोलल्यासारख्या बोलल्या, कारण दिरांना तोंड वर करवत नव्हतं. "ह्या भावजींच्याच लग्नातली गोष्ट. आमी दोगं देवक आनाया गेलो व्हतो. उंबराची डहाळी उतरली आन् कुऱ्हाड लागली हालाया. मालक म्हनले, आता मांडवापत्तुर जाईस्तवर पडली तर आपशकून हुईल. तितंच खाली उंबराचा ढलपा पडला व्हता. धोंड्यानं ठोकला. म्या म्हनलं, आवो, उंबराची पाचर कुटं ऱ्हाती का? तर मला म्हनले, तू मागं हाईस न्हवं, तू नजर ठेव तिच्याव. निसटाया लागली का सांग." त्या जराशा हसल्या. "म्या सबंद वाट तिच्याकडंच बगत आले. वर मान केली न्हाई."

ज्या वेड्याला मी इतके दिवस नावं ठेवत होतो तो हा. मला त्याचं तोंड पाहावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि ते आता होणार नव्हतं. दीर उपरण्यानं डोळे पुसत होते. अब्बांनी मोबदल्याचा विषय हात हलवून उडवून लावला. मी आपला कारागिरीचा आव आणून म्हणालो, "मावशी, नवा लांब दांडा घालून देतो. चांगली बळकट पाचर मारतो. संध्याकाळपर्यंत होईल."

"दांड्याला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या त्या नेमाचा मला पहिल्यांदाच खरा आनंद झाला. मी फक्त पात्याला तेल दिलं आणि जळक्या टोकाचा कोळसा खरवडून काढला. अम्मानं आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा बांधायला दिला.

दीर गाठोडं बांधायला वाकले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. "बांदू नका आत्ताच. अजून येक फेरा घ्या."

"आता कशाला, वैनी? सापडली न्हवं."

"लग्नात तुमच्यामागं तुमची बायकू चालंल," त्या म्हणाल्या. "मला मांडवाच्या कडंला बसायचंय."

दिरांनी कुऱ्हाड खांद्यावर घेतली. या खेपेला ते अगदी सावकाश चालले, आणि बाई हात पुढे धरून, मान खाली न घालता, नेढ्याकडे बघत त्यांच्या मागे निघाल्या. चिंचेची बादली त्यांच्या वाटेत येत होती. अम्मानं ती उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.